जुन्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप : सील बदलण्यापूर्वी माप घ्या

खरिपाची काढणी आटोपलेली असते आणि रब्बीच्या मशागतीला थोडा अवकाश असतो, अशा दिवसांत गावोगावच्या वर्कशॉपांसमोर जुने ट्रॅक्टर उघडून ठेवलेले दिसतात. इंजिन, क्लच प्लेट, ब्रेक, टायर आणि रंगकाम यांवर मालक सढळ हाताने खर्च करतो. हायड्रॉलिक पंपाची पाळी सर्वांत शेवटी येते. तोवर पैसे संपत आलेले असतात आणि पेरणी तोंडावर आलेली असते. मग बाजारातून ‘सील किट’ आणले जाते, जुनी रबरे काढून नवी बसविली जातात, जोडांवर पेस्टचा जाड थर दिला जातो आणि ट्रॅक्टर शेतात जातो. पहिल्या दिवशी तो बहुधा उत्तम चालतो. काही आठवड्यांनी, नेमक्या कामाच्या गर्दीत, लिफ्ट पुन्हा थरथरू लागते आणि दोष ‘डुप्लिकेट सील’च्या माथी मारला जातो.

सील निकृष्ट असू शकते, हे खरे. परंतु पंप सील करणे हे मुळात मोजमापाचे काम आहे. रबर, धातूचा पृष्ठभाग आणि तेल या तिघांची जुळणी तपासल्यावाचून बसविलेले उत्तम प्रतीचे सीलदेखील जुन्या सीलच्याच वाटेने जाते. ही तपासणी करणे हे मिस्त्रींचे काम आहे. ती मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. आणि ती मागण्याची सवय लावणे हे कृषी विस्ताराचे कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिफ्ट बसली की ट्रॅक्टर बसला

ट्रॅक्टर म्हणजे अवजार ओढणारे यंत्र, ही जुनी कल्पना हॅरी फर्ग्युसन यांनी बदलली. १९३६ चा फर्ग्युसन-ब्राऊन आणि १९३९ चा फोर्ड-फर्ग्युसन या ट्रॅक्टरांमधून त्यांची त्रिबिंदू जोडणी आणि हायड्रॉलिक नियंत्रणाची पद्धत पुढे आली. अवजार ट्रॅक्टरचाच अवयव बनले आणि जमिनीच्या ओढीनुसार नांगराची खोली आपोआप सांभाळली जाऊ लागली. आज आपल्या शेतांत चालणारी जवळजवळ प्रत्येक लिफ्ट याच कल्पनेची वारस आहे. या पद्धतीला लागणारा दाब दोन हातांत मावणारा एक पंप पुरवितो. अनेक ट्रॅक्टरांत हा दाब दीडशे ते दोनशे बारपर्यंत, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ते दोनशे किलोच्या घरात जातो. तो अडवून धरणारी वस्तू पुष्कळ ठिकाणी दोन-अडीच मिलिमीटर जाडीची एक रबरी कडी असते.

ही कडी हरली, तर काय होते? एक थेंब म्हणजे सुमारे एक-विसांश मिलिलिटर धरले, तर सेकंदाला एक थेंब या वेगाने आठ तासांच्या कामात जवळपास दीड लिटर तेल मातीत जाते. त्याचा खर्च वेगळा, जमिनीची हानी वेगळी. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. उचललेला रोटाव्हेटर अचानक खाली बसला, तर खाली असलेला पाय वाचत नाही. उच्च दाबाच्या बारीक छिद्रातून निघणारी तेलाची धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते. पण आत शिरलेले तेल काढण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते आणि विलंब झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून दाबाखालील गळती कधीही हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून पाहावी.

हा प्रश्न जुन्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत अधिक टोकदार होतो. पंजाबात जुन्या ट्रॅक्टरांचे मोठे आठवडी बाजार भरतात आणि इतर राज्यांतील खरेदीदारही तेथे येतात. नवा ट्रॅक्टर कर्जाशिवाय घेणे ज्याला शक्य नाही, अशा अल्पभूधारकाला जुना पण नीट बांधलेला ट्रॅक्टर हा मोठा आधार असतो. तो ऐन हंगामात उभा राहिला, तर भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी दारोदार फिरावे लागते आणि पेरणीची वेळ हातची जाते. दोन-तीन वेळा असे घडले की तोच शेतकरी वैतागून जुना ट्रॅक्टर मिळेल त्या किमतीला विकतो आणि न झेपणारे कर्ज काढतो.

गळती कोठे आहे, हे आधी ठरवावे

पंप उघडण्यापूर्वी रोग ओळखणे आवश्यक असते. गळती तीन प्रकारची असते आणि त्यांपैकी एकच डोळ्यांना दिसते.

पहिली, तेल बाहेर येण्याची. ती जमिनीवर डाग सोडते, म्हणून तिच्याकडे लक्ष जाते. दुसरी, हवा आत जाण्याची. पंपाच्या शोषण बाजूला दाब वातावरणापेक्षा कमी असतो. तेथील जोड किंवा सील सैल असेल, तर तेल बाहेर न येता हवा आत ओढली जाते. तेलाला फेस येतो, पंप कण्हल्यासारखा आवाज करतो आणि लिफ्ट झटके देत वर जाते. संशयित जोडावर थोडे ग्रीस लावले असता आवाज बदलला, तर दोष तेथेच आहे असे समजावे. हे करताना पंखा, पट्टा व फिरत्या भागांपासून हात व कपडे दूर ठेवावेत. तिसरी गळती पंपाच्या किंवा सिलिंडरच्या आतल्या आत होते. तेल दाबाच्या बाजूकडून परत टाकीकडे निसटते. बाहेर सारे कोरडे असते आणि लिफ्ट मात्र उचलत नाही.

आतल्या गळतीची चिन्हे ओळखता येतात. तेल थंड असताना लिफ्ट चांगली चालते, पण तासाभराच्या कामानंतर तेल तापून पातळ झाले की दमते. अशा वेळी पंपाच्या झिजेचा संशय घ्यावा. इंजिन चालू असताना उचललेले अवजार सारखे खाली-वर डुलत असेल, तर सिलिंडर किंवा झडपेतून तेल निसटत आहे आणि नियंत्रण यंत्रणा ते पुन्हा पुन्हा भरून काढत आहे. अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर ते झरझर खाली येत असेल, तर ज्या ट्रॅक्टरांत पंप आणि नियंत्रण झडप वेगवेगळे असतात तेथे पंपाला दोष देता येत नाही. सिलिंडर आणि झडप तपासावी लागते. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या घराण्यातील ट्रॅक्टरांत मात्र पिस्टन पंप मधल्या हाउसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि नियंत्रण झडप पंपालाच जोडलेली असते. तेथे हा भेद बाहेरून करता येत नाही. वरचे झाकण उघडून पंप, वर जाणारी नळी, तिच्या ओ-रिंगा आणि सिलिंडर अशी क्रमाने तपासणी करावी लागते.

आणखी एक गळती विशेष फसवी आहे. ज्या ट्रॅक्टरांत गिअर पंप इंजिनाच्या टायमिंग गिअरवर चालतो, तेथे पंपाच्या शाफ्टचे सील गेले की हायड्रॉलिक तेल इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते. जमिनीवर एक थेंब पडत नाही. हायड्रॉलिक तेलाची पातळी कमी होते आणि इंजिन ऑइलची पातळी वाढते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली की ‘तेल जास्त टाकले गेले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. मिसळलेल्या तेलावर इंजिन चालविल्यास बेअरिंगांचे नुकसान होते आणि ते दुरुस्त करण्याचा खर्च पंपाच्या कितीतरी पट असतो.

इंच, मिलिमीटर आणि ओ-रिंग

आपल्या देशातील ट्रॅक्टर एका घराण्याचे नाहीत. मद्रास येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘टॅफे’ने मॅसी फर्ग्युसनची परंपरा आणली. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-२७५ हा मूळचा ब्रिटिश आराखडा येथे आणला. पिंजोरच्या एच.एम.टी.ने १९७१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉर आराखड्यावर ट्रॅक्टर बनविले. स्वराज ७२४ हा १९७४ मध्ये बाजारात आलेला ट्रॅक्टर मात्र दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या आराखड्यावर उभा राहिला. या इतिहासाचा पंपाशी थेट संबंध आहे. ब्रिटिश आराखड्याच्या जुन्या ट्रॅक्टरांत इंच मापाचे भाग भेटतात, तर झेटॉरच्या वंशात मेट्रिक. दुकानातील मिश्र डब्यात मात्र दोन्ही मापांच्या ओ-रिंगा शेजारी-शेजारी असतात आणि निवड बहुधा नजरेने होते.

नजर येथे फसते. ओ-रिंगला दोन मापे असतात : आतला व्यास आणि कडीची जाडी. व्यास बोटाने ताणून जुळविता येतो, त्यामुळे जाडीकडे दुर्लक्ष होते. इंच मालिकेतील एक नेहमीची जाडी २.६२ मिलिमीटर आहे; मेट्रिक मापांत तिच्या जवळची एक जाडी २.४ मिलिमीटर आहे. उदाहरणादाखल, खाच आणि समोरचा पृष्ठभाग यांमधील अंतर २.१ मिलिमीटर आहे असे धरू. तेथे २.६२ ची कडी बसविली, तर ती ०.५२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास पंचमांश चेपली जाते. त्याच जागी २.४ ची कडी फक्त ०.३० मिलिमीटर, म्हणजे अष्टमांश चेपली जाते. शिवाय लहान व्यासाची कडी ताणून बसविली असेल, तर ती आणखी बारीक होते. पहिल्या दिवशी दोन्ही कड्या तेल अडवितात. उष्णतेने आणि काळाने रबर चपटे होत जाते, तेव्हा कमी चेप असलेल्या कडीजवळ राखीव असे काही उरत नाही. आठवड्यांनंतर सुरू होणाऱ्या गळतीचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

उलट, ‘जरा जाड बसवू, घट्ट होईल’ हा विचारही घातक आहे. रबर वाकते व पसरते, पण त्याचे आकारमान कमी होत नाही. म्हणून खाच कडीपेक्षा रुंद ठेवलेली असते. जाड कडीने ती खाच पूर्ण भरली, तर झाकण बसताना कडी कापली जाते किंवा झाकणच वाकते.

जेथे दाब जास्त आणि फट मोठी, तेथे ओ-रिंगसोबत कडक पदार्थाची बॅकअप रिंग असते. दाबाखाली रबर फटीत घुसून कुरतडले जाऊ नये, हे तिचे काम. ती नेहमी दाबाच्या विरुद्ध बाजूला बसवावी लागते. जुना पंप उघडताना ही पातळ कडी तुटलेल्या अवस्थेत निघते आणि कचरा समजून फेकली जाते. म्हणून उघडताना प्रत्येक खाचेतून काय निघाले, कोणत्या क्रमाने निघाले, याचा मोबाइलवर फोटो घेण्याची शिस्त प्रत्येक वर्कशॉपने पाळावी.

शाफ्ट आणि ऑइल सील

फिरणाऱ्या शाफ्टवर ऑइल सील असते. त्याची रबरी लिप शाफ्टला हलकेच टेकते आणि आतील बारीक स्प्रिंग तिला टेकलेली ठेवते. स्प्रिंगची बाजू ज्या तेलाला अडवायचे त्या तेलाकडे असावी. इंजिन ऑइल आणि हायड्रॉलिक तेल यांच्या सीमेवर असलेल्या काही पंपांत दोन सील पाठीला पाठ लावून बसविलेली असतात, कारण दोन्ही बाजूंची तेले वेगवेगळी अडवायची असतात. दोन्ही सीलांची तोंडे एकाच बाजूला केली, तर एका तेलाला वाट मोकळी मिळते.

वर्षानुवर्षे एकाच जागी टेकून लिप शाफ्टवर चर पाडते. नखाला अडखळणारा चर असेल, तर नवे सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. जागा असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवून लिप कोऱ्या पृष्ठभागावर आणता येते, शाफ्टवर पातळ दुरुस्ती-स्लीव्ह चढविता येते किंवा शाफ्ट बदलावा लागतो. शाफ्टला पॉलिश पेपर लावतानाही काळजी हवी. शाफ्ट फिरत असताना कागद लांबीच्या दिशेने सरकविला, तर मळसूत्रासारख्या बारीक रेघा उमटतात आणि त्या रेघाच तेल बाहेर ओढून आणतात.

सील बसविताना लिपला तेल लावावे, चावीच्या खाचेवर किंवा स्प्लाइनवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळावे आणि सील सर्व बाजूंनी सारखे दाबेल अशा नळीने सरळ आत ढकलावे. एका कोपऱ्यावर हातोडी मारून बसविलेले सील तिरके बसते.

यापलीकडचा प्रश्न असा, की जुने सील गेले कशामुळे? शाफ्टचा बुश झिजला असेल, तर शाफ्ट हेलकावे खातो आणि कोणतेही सील टिकत नाही. ट्रान्समिशनचा ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर तापलेल्या हवेचा दाब सीलांवर येतो. भातशेतीत चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांत हे विशेष पाहावे. सील जागेवरून बाहेर फेकले गेले असेल, तर पंपाची फिरण्याची दिशा चुकीची जुळविली गेली आहे का, किंवा सीलमागील तेल परत नेणारा मार्ग बंद झाला आहे का, हे तपासावे. कारण शोधल्याशिवाय बदललेले सील पुन्हा त्याच कारणाने जाते.

गिअर पंपाच्या पोटात

गिअर पंपाची ताकद गिअरच्या बाजू आणि बुश यांमधील अतिशय बारीक फटीवर अवलंबून असते. अनेक पंपांत बुशच्या पाठीमागे इंग्रजी तीनच्या आकाराचे एक सील असते. ते जास्त दाबाचा भाग कमी दाबाच्या भागापासून वेगळा ठेवते, जेणेकरून दाब बुशला गिअरवर योग्य तेवढाच टेकवील. हे सील उलट्या बाजूला बसले, तर पंप दाब धरत नाही किंवा बुश लवकर खातो. म्हणून उघडण्यापूर्वी पंपाच्या अंगावर आणि काढताना प्रत्येक बुशवर खूण करणे अनिवार्य आहे.

दाबामुळे गिअर शोषण बाजूकडे ढकलले जातात आणि तेथे पंपाच्या अंगात चर पडत जातो. हा चर खोल झाला असेल, तर कोणतेही सील किट तो पंप वाचवू शकत नाही. अशा वेळी पंप बदलण्याचा सल्ला देणारा मिस्त्री ग्राहकाला लुबाडत नसतो. उलट, झिजलेल्या अंगात नवे किट घालून पैसे घेणे ही खरी फसवणूक आहे.

पेस्टचा मोह

सिलिकॉन पेस्ट आणि शेलॅक यांना त्यांची जागा आहे. लिफ्टचे वरचे झाकण, हाउसिंगचे मोठे जोड अशा दाबरहित ठिकाणी, उत्पादकाने सांगितले असेल तेथे, ती पातळ थरात वापरणे योग्यच. पंपाच्या अंगावर मात्र तिचे तीन धोके आहेत. एक, धातूला धातू टेकायला हवा अशा जोडात पेस्टचा थर राहिला, तर आतील फट वाढते आणि पंपाचा दाब घटतो. जेथे गॅस्केटची जाडीच आतील फट ठरविते, तेथे मूळ जाडीचेच गॅस्केट हवे. घरी कापलेला जाड कागद चालत नाही. दोन, जास्तीची पेस्ट आत उतरते, तिचे तुकडे पडतात आणि गाळणी, रिलीफ व्हॉल्व्ह किंवा झडपेची बारीक छिद्रे बुजतात. तीन, सीलमागील तेल परत नेणारे छिद्र पेस्टने बंद झाले, तर तेथे दाब साचून नवे सीलच बाहेर फेकले जाते. गळती थांबविण्यासाठी लावलेली वस्तूच अशा रीतीने गळतीचे कारण बनते.

रबर आणि तेल

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक पंपात सामान्यतः नायट्राइल रबराची सीले असतात. खनिज तेलात ती टिकतात आणि साधारण शंभर अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता सहन करतात. साधे नैसर्गिक रबर किंवा ब्रेकच्या कामासाठी वापरले जाणारे ई.पी.डी.एम. रबर खनिज तेलात फुगते. दिसायला सगळी काळीच असतात. शंका असल्यास एक सोपी परीक्षा करावी : किटमधील एक जादा कडी मोजून ट्रॅक्टरच्या तेलात दोन-तीन दिवस बुडवून ठेवावी आणि पुन्हा मोजावी. ती ठळकपणे फुगली किंवा मऊ पडली, तर ते किट परत करावे. ‘तेलच आहे’ म्हणून हायड्रॉलिकमध्ये ग्लायकोलयुक्त ब्रेक फ्लुइड ओतणे हे नायट्राइल सीलांचा नाश ओढवून घेणे आहे.

रबराला वयही असते. ऊन, उष्णता आणि ओझोन यांनी ते कडक होते व तडकते. दुकानाच्या दर्शनी भागात खिळ्यावर टांगलेल्या कड्या वर्षभर ऊन खातात आणि खिळ्याच्या जागी कायमच्या वाकतात. बंद पाकिटातील, निर्मितीचा महिना छापलेले सील थोडे महाग असले, तरी तेच घ्यावे.

मिस्त्रींची बाजू

वरील विवेचन वाचून सारा दोष गावच्या मिस्त्रींचा आहे असे वाटू नये. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. बहुतेकांजवळ त्या-त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल नसते. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. तेव्हापासून त्या ट्रॅक्टरांचे मालक पूर्णपणे खुल्या बाजारातील भागांवर विसंबून आहेत. शिवाय ग्राहक मजुरी देतो ती भाग बसविण्याची. शाफ्ट मोजण्यात, पंपाचे अंग धुऊन तपासण्यात गेलेला अर्धा दिवस त्याला दिसत नाही आणि त्याचे पैसे देण्यास तो तयार नसतो. ज्या कामाचा मोबदला नाही, ते काम हळूहळू कारागिरीतून नाहीसे होते.

म्हणून बदल ग्राहकाकडून सुरू व्हावा लागेल. तपासणीची मजुरी वेगळी लिहा, ती वेगळी द्या आणि मग तपासणीचा निकाल लेखी मागा. व्हर्निअर कॅलिपर, फीलर गेज आणि योग्य क्षमतेचा दाबमापक ही तीन साधने सामान्य वर्कशॉपच्या आवाक्याबाहेरची नाहीत. एखाद्या गावात एकट्याला ती परवडत नसतील, तर अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्राने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने ती सामायिक ठेवावीत.

विस्तार यंत्रणेने काय करावे

आपली विस्तार व्यवस्था बियाणे, खते आणि कीड नियंत्रण यांवर जेवढे बोलते, त्याच्या अल्पांशानेही यंत्रांच्या दुरुस्तीवर बोलत नाही. यांत्रिकीकरण म्हणजे नव्या यंत्राची खरेदी, असे समीकरण झाले आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात प्रशिक्षण आणि चाचणी हेही घटक आहेत. बुदनी, हिसार, गार्लादिन्ने आणि विश्वनाथ चारिआली येथील केंद्रीय संस्था कृषियंत्रांचे प्रशिक्षण देतात. बुदनी येथील ट्रॅक्टर चाचणी अहवालांत लिफ्टची क्षमता, रिलीफ व्हॉल्व्हचा दाब आणि उचललेला भार अर्ध्या तासात किती खाली येतो, हे नोंदलेले असते. नव्या ट्रॅक्टरची ही मोजपट्टी जुन्या, पुन्हा बांधलेल्या ट्रॅक्टरसाठी गावपातळीवर का वापरू नये?

त्यासाठी माझी सूचना साधी आहे. पंपाचे काम झालेल्या प्रत्येक ट्रॅक्टरसोबत एका पानाची दुरुस्ती-चिठ्ठी असावी. तिच्यात पुढील नोंदी असाव्यात :

१. दुरुस्तीपूर्वी व नंतर, तेल तापलेले असताना दाबमापकावर मिळालेला दाब.

२. नेहमीचे अवजार उचलून इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासात ते किती सेंटिमीटर खाली आले. ही चाचणी चालू असताना अवजाराखाली कोणीही जाऊ नये.

३. शाफ्ट, बुश आणि पंपाचे अंग यांची स्थिती : चर आहे की नाही, काय बदलले, काय तसेच ठेवले.

४. बसविलेल्या प्रत्येक ओ-रिंगचा आतला व्यास व जाडी, आणि ऑइल सीलवर छापलेली मापे.

५. भरलेल्या तेलाचा प्रकार, प्रमाण व तारीख; ब्रीदर व गाळणी साफ केल्याची नोंद.

या चिठ्ठीचा लाभ तिघांना होतो. शेतकऱ्याला पुढच्या वेळी कोणते माप मागायचे हे कळते. मिस्त्रीच्या मेहनतीला पुरावा मिळतो. आणि ट्रॅक्टर विकताना ‘हायड्रॉलिकचे काम केले आहे’ या तोंडी वाक्याऐवजी खरेदीदाराच्या हाती आकडे पडतात.

कृषी विज्ञान केंद्रांनी दरवर्षी उन्हाळ्यात, मशागतीची गर्दी सुरू होण्यापूर्वी, परिसरातील मिस्त्री आणि ट्रॅक्टरमालक यांना एकत्र बोलावून एक दिवसाचे पंप-तपासणी शिबिर घ्यावे. जवळच्या आय.टी.आय.मधील मेकॅनिक ट्रॅक्टर या व्यवसायाच्या विद्यार्थ्यांना त्यात सामील करून घ्यावे. शिबिरात व्याख्याने कमी आणि उघडलेले पंप जास्त असावेत. झिजलेला शाफ्ट, कुरतडलेली ओ-रिंग, पेस्टने बुजलेली गाळणी हे नमुने हातात घेऊन पाहिले की तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक उमगते. अनुभवी मिस्त्रींना प्रशिक्षणार्थी म्हणून न बसविता शिकविणाऱ्यांच्या बाजूला उभे करावे. त्यांच्या हातांतील ज्ञानाला मापांची जोड मिळाली, तर ते ज्ञान पुढच्या पिढीपर्यंत पोहोचेल.

तोपर्यंत ज्यांचा ट्रॅक्टर या हंगामात वर्कशॉपमध्ये जाणार आहे, त्यांनी निदान एवढे करावे : काढलेली सर्व जुनी सीले पिशवीत घालून परत मागावीत, शाफ्टवर स्वतः नख फिरवून पाहावे, आणि पंप बसविण्यापूर्वी ‘जुने सील कशामुळे गेले?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत नवे सील बसवू देऊ नये.